आबांच्या वजनाचा फोर्क

"रायडरचं वजन किती?" पुण्याच्या दुकानदारानं फोनवरून विचारलं, आणि वाघजाई तालमीत बसलेले सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता. मधल्या खुर्चीत आबा सरनाईक, तालमीचे अध्यक्ष, एके काळचे नामी पैलवान. त्यांच्या उजवीकडं सेक्रेटरी विश्वास मास्तर, शाळेतून रिटायर झालेले पण बोलण्यातून अजून नाही. डावीकडं माझा सख्खा दिलीपमामा. त्याचं मोटरसायकलचं गॅरेज, त्यामुळं दोन चाकांच्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द आपलाच असं तो धरून चालायचा. आणि दाराजवळ भिंतीला टेकून मी, रेवती साळोखे, वय तेवीस. जिच्या सायकलसाठी ही बैठक भरली होती ती मीच. मला खुर्ची कुणी दिली नव्हती. तालमीत बायकांनी बसायची पद्धत नव्हती, उभं राहू दिलं हेच खूप झालं.

"बावन्न किलो," मी म्हणाले.

"अगं हळू!" मामा दचकला. "लग्नाची पोरगी तू. वजन काय चारचौघांत सांगायची गोष्ट हाय?"

"मामा, त्याला स्प्रिंग ठरवायचीय. ती वजनावरच ठरतीय."

"ठरवू की. तुझंच वजन कशाला पाहिजे?"

मी कपाळाला हात लावला. फोर्क म्हणजे सायकलचे पुढचे दोन पाय, ज्यांच्यात पुढचं चाक बसतं. माझी सायकल डोंगरावरून खाली सोडायची. वाटेत दगड, घसरण, लाकडी फळ्यांचे उंच ओटे, त्यांच्यावरून हवेत उडी आणि पुन्हा उतारावर चाक. याला फ्रीराइड म्हणतात, आणि आमच्या आईच्या भाषेत, 'हाडं मोडून घ्यायचे धंदे.' उडीचा सगळा दणका हा फोर्क आत दबून खातो. तो दबलाच नाही तर दणका मनगटं खातात, खांदे खातात, आणि पुढचं सांगायला नको. माझ्या जुन्या फोर्कचं तेल गळून त्याचा पार इस्कोट झाला होता, आणि महिन्यावर राज्याची निवड चाचणी आली होती. मुलींमधून एकच जागा. आमच्या घरात साधा हिशेब ठरला होता, निवड झाली तर सायकल, नाही झाली तर सायकल विकायची आणि कांदेपोहे करायला बसायचं.

आता तुम्ही म्हणाल, तालमीचा याच्याशी काय संबंध? कोल्हापुरात असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथं तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, अख्ख्या पेठेची इभ्रत. त्या वर्षी फुटबॉलच्या फायनलला आमची तालीम काळभैरव तालमीकडून हरली होती. पेठेत मान खाली घालून फिरायची वेळ आलेली. त्यातच काळभैरवचा अरमान मुजावर सायकलवरून उड्या मारतो आणि पेपरात त्याचा फोटो येतो, असं कुणीतरी आबांच्या कानावर घातलं. आबांनी विचारलं, "आपल्यात कोण मारतंय उड्या?" शोधता शोधता मी सापडले. पोरगी निघाल्यावर थोडी चुळबूळ झाली. पण दुसरं कुणी नव्हतंच, मग तालमीनं वर्गणी काढून फोर्क घ्यायचं ठरवलं.

फोर्क घ्यायचा म्हटल्यावर तो निवडायचा कुणी, हा प्रश्नच नव्हता. तालमीनं.

मला हवेचा फोर्क पाहिजे होता. त्यात छोट्या पंपानं हवा भरायची, आपल्या वजनाला पाहिजे तेवढी. माणूस हलका असला तर कमी, जड असला तर जास्त. मी हे सांगितल्यावर तालमीत जो हशा पिकला, तो अजून माझ्या कानात आहे.

"हवेवर?" मामा हसून हसून बेजार झाला. "आणि डोंगरात हवा गेली म्हंजे? काय तोंडानं फुकणार हायस?"

"चाकात पण हवाच असतीय की मामा."

"चाकाचं येगळं."

विश्वास मास्तरांनी घसा साफ केला. "फोर्क दिसायला भारदस्त पाहिजे. मी मोबाइलवर पाहिलाय. वरपर्यंत जाडजूड नळ्या असलेला, केशरी रंगाचा. मिरवणुकीत लांबून दिसेल."

"मास्तर, मिरवणूक कसली? चाचणी आहे."

"चाचणीनंतर मिरवणूक असतेच ना!"

ही निवड दोन संध्याकाळ चालली, त्यात आबा फारसं बोलले नव्हते. ते फक्त एवढंच म्हणाले, "लोखंडी स्प्रिंग असलेला घ्या. वस्तू कशी, हातात घेतल्यावर वस्तू वाटाय पाहिजे." झालं, स्प्रिंगचा ठरला.

आणि आता फोनवर दुकानदार वजनासाठी खोळंबला होता.

"हॅलो? नीट ऐकू येत नाही. वजन परत सांगा, त्याप्रमाणं स्प्रिंग टाकून देतो."

मामा आबांकडं बघून म्हणाला, "आमच्याकडं नवीन वस्तूवर पहिलं बसायचा मान आबांचा. ट्रॅक्टर असो, ढोल-ताशाची गाडी असो. आबा बसल्याबिगर वस्तू वापरात येत न्हाई. मग आबांचंच वजन सांगाय पाहिजे. त्यांच्या वजनाला टिकला तर ह्या पोरीला काय, जन्मभर टिकंल."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "तर्कशुद्ध आहे."

"अहो काय तर्कशुद्ध!" मी भिंत सोडून पुढं आले. "फोर्क टिकायचा नाही, दबायचा असतो! माझ्या वजनाला दबला पाहिजे!"

"रेवती," आबा शांतपणे म्हणाले, "मोठी माणसं बोलत्यात."

मग त्यांनी फोनकडं वाकून, एखाद्या मैदानात नाव पुकारावं तसं सांगितलं, "एकशे आठ."

"एकशे आठ? बरं. मग एकदम हार्ड स्प्रिंग लागेल. सगळ्यात हार्ड."

"सगळ्यात हार्ड!" मामानं टेबलावर थाप मारली. "ऐकलंस? सगळ्यात भारी माल देतोय त्यो."

फोर्क आला तेव्हा हलगी लावली होती. मामानं गॅरेजमध्ये तो सायकलला बसवला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, हँडलला लिंबू-मिरची बांधली. मग आबा बसले. दोघांनी सायकल धरली आणि आबांनी वजन टाकलं. फोर्क इतका सुरेख दबला, इतका झकास परत वर आला, की मला स्वतःच्याच सायकलचा हेवा वाटला.

"लोणी!" आबा म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग मी बसले. काहीच झालं नाही. उभी राहून उडी मारल्यासारखं केलं, तरी फोर्क जागचा हलेना. जणू कुणी भिंतीवर हँडल लावून दिलं होतं.

"नवी वस्तू हाय," मामा म्हणाला. "रनिंग पुरं होऊ दे. हजार-पाचशे किलोमीटर गेली की मोकळी हुतीय."

"मामा, ही बुलेट नाही!"

"आगं, इंजीन काय आणि फोर्क काय, लोखंडच की."

आठवडाभर मी टेकडीवर सराव केला. बारक्या उड्या कशाबशा निघाल्या, पण प्रत्येक वेळी दणका थेट खांद्यापर्यंत यायचा. दोन्ही मनगटं सुजली. पोळी लाटताना आईच्या लक्षात आलं, तिनं नुसतं बघितलं आणि लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं. चाचणीत पुरुषभर उंचीचा ओटा असणार होता. त्यावरून हा फोर्क घेऊन उतरले, तर मी पुढच्या चाकावरून थेट तोंडावर जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता.

मी तालमीत जाऊन सांगितलं, "स्प्रिंग बदलून मागवा. दुकानदार देईल. नाहीतर माझी निवड होत नाही."

पुन्हा बैठक. पुन्हा खुर्च्या, पुन्हा मी भिंतीला.

"बदलायची म्हंजे?" आबांना खरंच लागलं होतं. "पूजा झालीय त्याची. मी बसलोय त्यावर."

"आबा ज्यावर बसले ती वस्तू परत पाठवली हे काळभैरवला कळलं, तर दसऱ्यापर्यंत हसतील," मास्तर म्हणाले.

"मग मी काय करू?"

यावर बराच वेळ खल झाला. शेवटी आबांनीच तोड काढली. फोर्क बदलता येत नाही. पोरगी बदलता येते.

खोटं वाटेल, पण दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीतून आमच्या घरी तांब्याभर थंडाई आली. बदाम, खसखस, वेलदोडे, पैलवानांसाठी घोटतात ती. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण. संध्याकाळी मामा स्वतः केळ्यांचा घड घेऊन हजर.

"खा. वजन वाढंल तसा फोर्क दबंल. शास्त्रच हाय ते."

"मामा, पंधरा दिवसांत मी एकशे आठ किलोची होणार?"

"तेवढी नको. निम्मं अंतर तरी काप."

"आणि मग लग्नाचं? मागं तूच म्हणालास ना, वजनाचं बोलू नको?"

"वाढवायचं," मामा आवाज खाली आणून म्हणाला, "पण सांगायचं न्हाई."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला गेली की रडायला, ते मी विचारलं नाही. मी थंडाई प्यायले, मटण खाल्लं, केळी खाल्ली. पचवायला परत टेकडीवर सायकल चालवली, त्यामुळं खाल्लेलं सगळं तिथंच जिरलं. चाचणीच्या दिवसापर्यंत वजन फक्त दीड किलो वाढलं, आणि तालमीला वाटलं पोरीत इच्छाशक्तीच नाही.

चाचणी पन्हाळ्याच्या बाजूला एका माळावर होती. अख्खी तालीम टेम्पोतून आली. गुलाबी फेटे, हलगी, आणि परतीच्या मिरवणुकीसाठी गुलालाची पोती आधीच भरून आणलेली. पलीकडच्या मांडवात काळभैरववाले. दोन्ही मांडवांत कुणी कुणाकडं बघत नव्हतं, म्हणजे सगळे एकमेकांनाच बघत होते.

अरमानची उडी झाली. त्याच्या हवेच्या फोर्कनं दणका असा गिळला की चाकाचा आवाजसुद्धा आला नाही.

मग माझा नंबर लागला, सतरा. सुरुवातीला वर लाकडी चौथरा होता. तिथून घसरण, पुढं ओटा, ओट्याखाली उतार. मी चौथऱ्यावर सायकल घेऊन गेले. मला धीर द्यायला आबा, मामा आणि मास्तर पाठोपाठ वर आले. मी खाली बघितलं. ओट्याची कड दिसत होती, त्याच्या पलीकडं काहीच दिसत नव्हतं. मी हँडलवर जोर टाकून बघितला. फोर्क ढिम्म.

"आबा," मी म्हणाले, "मी या फोर्कवर उतरणार नाही."

"काय?"

"हा तुमच्या वजनाचा आहे. मला तोंडावर टाकंल. सायकल विकावी लागली तरी चालंल, मी उतरणार नाही."

खाली हलगी कडकडत होती. लाउडस्पीकरवाला "क्रमांक सतरा, तयार राहा" असं ओरडत होता. आबांचा चेहरा लाल झाला. चाळीस मैदानं गाजवलेल्या माणसाला भर माळावर एक पोरगी नाही म्हणत होती.

"फोर्कात काय खोट हाय? आँ? हा बघ, दबतोय का न्हाई बघ तूच." त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली, धोतर सावरलं आणि टांग टाकून बसले. "हा बघ. हा बघ!"

ते वर-खाली जोर देऊ लागले. फोर्क मस्त दबत होता. तिसऱ्यांदा त्यांनी जोर दिला आणि पुढचं चाक चौथऱ्याच्या फळीवरून पलीकडं उतरलं.

"आबा, ब्रेक!" मी किंचाळले.

पण आबांनी उभ्या आयुष्यात जी सायकल चालवली ती दुधाच्या किटल्या लावलेली, पाय टेकून थांबवायची. ब्रेक कुठला आणि गियर कुठला, त्यांना काय माहीत? त्यांनी हँडल तेवढं गच्च आवळून धरलं, आणि एकशे आठ किलो, धोतर, गुलाबी फेटा असे घसरणीवरून सुसाट सुटले.

"आणि ही आली क्रमांक सतरा!" लाउडस्पीकर गरजला. त्याचं लक्ष फक्त पुढ्यातल्या यादीकडं होतं. "कोल्हापूरची वाघीण, रेवती साळोखे!"

ओट्यावरून आबा हवेत गेले. मामानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आबा खाली आले, पुढचं चाक उतारावर टेकलं, आणि तो फोर्क, वाघजाई तालमीनं बैठक घेऊन निवडलेला तो फोर्क, तळापर्यंत दबला आणि अलगद वर आला. आबा सायकलवरच. तसेच घसरत जाऊन खालच्या गवताच्या गंजीत शिरले आणि थांबले.

माळ हादरला. काळभैरववालेसुद्धा उभे राहून ओरडत होते.

मी धावत खाली गेले. आबा गंजीला टेकून बसले होते. फेटा गळ्यात आलेला, कुठं लागलं नव्हतं, पण तोंडाला रंग नव्हता. मागून मास्तर धापा टाकत पोचले. "आबा, सिद्ध झालं! फोर्क एक नंबर आहे! मी म्हणत नव्हतो?"

आबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, तेच सुजलेलं.

"पोरी," ते म्हणाले, "हे तू रोज करतीस?"

"पाऊस नसला की रोज."

"वरनं ती कड दिसल्यावर पोटात गोळा आला माझ्या."

"माझ्या पण येतो."

"आणि तरी जातीस?"

"जाते."

हलगीवाला अजून बडवतच होता. "ए, बंद कर ते!" आबा ओरडले. मग गवतातच बसून त्यांनी मामाला विचारलं, "दिल्या, तू हिला उडी मारताना बघितलंयस कधी?"

मामा खाली बघायला लागला.

"मास्तर, तुम्ही?"

मास्तर आबांच्या धोतराला लागलेलं गवत झाडायला लागले.

आबा उठले. पहिल्यांदा परीक्षकांच्या टेबलापाशी गेले. परीक्षक म्हणाले, "सतरा नंबरची उडी झाली. एकाला एकच संधी."

"मी बाई दिसतोय काय तुम्हाला?" आबांनी विचारलं. परीक्षकांनी धोतराकडं बघितलं, मिशांकडं बघितलं, आणि सगळ्यांच्या शेवटी मला संधी दिली.

मग आबा जे चालत निघाले ते सरळ काळभैरवच्या मांडवाकडं. फायनलनंतर त्या मांडवात वाघजाईचं कुत्रंही गेलं नव्हतं. आबा अरमानसमोर उभे राहिले आणि फेटा हातात घेऊन म्हणाले, "बाळा, तुझी सायकल आमच्या पोरीला उडीपुरती देशील काय? आमचं चुकलंय."

मांडवात कुणी हसलं नाही. अरमाननं सायकल आणून दिली, पंप फोर्कला लावला आणि मला सरळ विचारलं, "वजन किती तुझं?"

मामानं सवयीनं तोंड उघडलं. "आरं चारचौघांत..."

"दिल्या, गप," आबा म्हणाले. "सांग पोरी. मोठ्यानं सांग."

"साडेत्रेपन्न!" मी ओरडून सांगितलं. अरमाननं फोर्कातली थोडी हवा फुस्सकन सोडली, मी बसले, आणि फोर्क दबला. माझ्या वजनाला. डोळ्यांत पाणी आलं ते मी हेल्मेटची काच लावून झाकलं.

मी वर गेले. या वेळी धीर द्यायला कुणी आलं नाही. अख्खी तालीम ओट्याखाली कडेला जाऊन उभी राहिली होती, नीट बघायला. मी सायकल सोडली. कड आली, गेली, पायाखाली काही नाही, मग उतार. फोर्क खोल गेला आणि वर आला. मनगटांना समजलंसुद्धा नाही.

थांबून मागं वळले तर काळभैरवच्या मांडवातून टाळ्या. आमची तालीम गप्प. आबा दोन्ही हात जोडून, डोळे गच्च मिटून उभे होते. शेजारी मामा, त्याचेही मिटलेले. मास्तरांनी तोंडावर उपरणं घेतलं होतं. मागचे गुलाबी फेटेवाले झाडून सगळे तसेच.

"दिल्या," आबा डोळे न उघडताच विचारत होते, "उतरली काय रं?"

"बघा की तुम्हीच," मामा म्हणाला.

निवड माझीच झाली. शिबिराला गेले, तिथून पुढं बरीच गेले. आज माझ्याकडं पोरी फ्रीराइड शिकायला येतात, त्यांचे फोर्क त्या स्वतः निवडतात. पेठेत गेले की तालमीच्या कट्ट्यावर ती उडी अजून ऐकायला मिळते. मी हवेत किती वेळ होते, चाक कसं टेकलं, मास्तर अगदी हातवारे करून सांगतात. मामा तर म्हणतो, ओट्याखालून त्यानं माझा चेहरासुद्धा बघितला.

आबांना विचारलं की ते मान हलवतात. "मी न्हाई बा बघितली," ते म्हणतात. "वरनं एकदा बघितलं होतं, तेवढं बास झालं."